रेघ आणि मूठ

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारी झड लागली होती, नदीचे पाणी पात्राबाहेर येणार की काय अशी कुजबुज गावात सुरू झाली होती. शिरोळकरांना २००५ आणि २०१९ चे महापूर विसरता आलेले नाहीत, त्यामुळे श्रावणातला पाऊस आम्ही कवितेच्या नजरेने कमी आणि पायऱ्या मोजत जास्त पाहतो. अशा वेळी एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण भिजत दारात आला. अंगावर पाणी निथळत होते, पण काखेतली पिशवी त्याने प्लॅस्टिकच्या खताच्या पोत्यात गुंडाळून कोरडी ठेवली होती. सौ.ने त्याला टॉवेल दिला, चहा दिला. मग त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडला.

पडद्यावर एक खुरपे अधांतरी फिरत होते. साधे, बाया भांगलायला नेतात तसले खुरपे. पण काय त्याची सफाई! पात्याचा बाक, धारेकडे बारीक होत गेलेली जाडी, मुठीवरची कडी, पाते मुठीत जिथे शिरते तिथला सांधा, सगळे बोटांनी फिरवून चहूकडून पाहता येत होते. त्याने एक आकडा बदलला आणि मूठ डोळ्यांदेखत बारीक झाली. दुसरा बदलला, पात्याचा कोन फिरला. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस, एक पात्र बदलायचे तर माझी दोनशे पाने फाटतात. मला त्या पोराचा हेवा वाटला.

तो आला होता कर्जाचा अर्ज तपासून घ्यायला. बँकेत उमेद घालवलेला माणूस म्हणून गावातले लोक अजून माझ्याकडे कागद घेऊन येतात. बोलता बोलता त्याने आपल्या आजोबांचे गाव सांगितले, आजोबांचा धंदा सांगितला, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला.

त्याच्या आजोबांना मी ओळखत होतो. १९८९ साली कृष्णाकाठच्या एका शाखेत मी शेती आणि छोट्या धंद्यांची कर्जे पाहत होतो. एक लोहार आला होता. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून विळे-खुरपी करायची, त्यासाठी विजेवरचा भाता आणि सहाण घ्यायचे, एवढीच त्याची मागणी. अर्जाच्या नमुन्यात मालाचे रेखाचित्र जोडा असा रकाना होता. मी ते मागितले. तो बिचारा बाहेर गेला, कुठूनसा कोळशाचा तुकडा घेऊन आला आणि शाखेच्या शहाबादी फरशीवर खाली बसून त्याने एका दमात विळा काढला. खाली पात्याचा छेदही काढला. मी वरून पाहिले आणि सांगितले की कागदावर आणा. तो पुन्हा आला नाही. शिपायाने संध्याकाळी फरशी पुसली.

या गोष्टीला इतकी वर्षे झाली. नातवाला मी त्या दुपारी काही बोललो नाही. पण रात्री झोप लागेना तेव्हा मला दुसरा एक माणूस आठवत राहिला. तोही रेघा काढणाराच होता. त्याच्याही मालाला आधी कोणी विचारले नव्हते. जयसिंगपूरला पुण्याकडची गाडी धरली की मिरज, सांगली, भिलवडी करत ज्या स्टेशनावर त्याचे नाव पाटीवर दिसते, तो माणूस: लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. आपल्याकडच्या मागच्या पिढीतली माणसे आद्याक्षरे जोडून त्यांना लकाकि म्हणत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकात या मुलाचे मन रमेना. हात मात्र सतत चाळवलेले. चित्र काढावे, काहीतरी उघडून पाहावे, पुन्हा जोडावे. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात असला मुलगा म्हणजे काळजीचा विषय. शिकावे, परीक्षा द्यावी, सरकारी नोकरी धरावी, हाच रस्ता. चित्रकला शिकायला मुंबईला जातो म्हणणाऱ्या मुलाला वडिलांचा होकार मिळणे कठीणच होते. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ च्या सुमारास सोळा वर्षांचा लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

दोन वर्षे गेली आणि एक गोष्ट उघडकीला आली. या विद्यार्थ्याला रंग नीट ओळखता येत नव्हते. अंशतः रंगांधळेपण होते ते. चित्रकार होण्यासाठी घरच्यांची मर्जी मोडून आलेल्या मुलाला हे कळते तेव्हा त्याच्या मनाचे काय होत असेल, ते आईबापांनी जरा डोळे मिटून पाहावे. आज दहावीच्या निकालाने मोडून पडणारी मुले आपण पाहतो. लक्ष्मणरावांसमोर परत जाण्याचा रस्ता होता. पण त्यांनी वेगळा हिशेब मांडला. डोळ्यांनी रंग नाकारले तरी रेघ कुठे नाकारली होती? रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटन धरले.

यांत्रिक रेखाटन म्हणजे काय, हे घरातल्या मुलांना सांगण्याजोगे आहे. चित्रकार वस्तू जशी दिसते तशी काढतो. दूरचे लहान, जवळचे मोठे. यंत्राचे चित्र काढणाऱ्याला तसे करून चालत नाही. त्याचे चित्र पाहून दुसऱ्या गावचा, त्याला कधीही न भेटलेला कारागीर ती वस्तू हुबेहूब घडवू शकला पाहिजे. म्हणून तो एकाच वस्तूची तीन चित्रे काढतो: समोरून, वरून आणि बाजूने. आत काय आहे ते दाखवायला वस्तू मधोमध चिरल्यासारखे छेदचित्र काढतो. प्रत्येक रेघेला माप. कागदावर चुकलेली रेघ लोखंडात गेली की पैसे बुडतात, कधी बोटेही जातात. टी-स्क्वेअर, गुण्या, कंपासपेटी आणि धारदार पेन्सिल एवढ्यावर हे चाले. त्या पोराच्या लॅपटॉपमधल्या कार्यक्रमाच्या पोटात आजही हीच तीन चित्रे बसलेली आहेत. ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आले ते १९८२ साली. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे जगातली यंत्रे हाताने ओढलेल्या रेघांवरच उभी राहिली.

मुंबईत नुकत्याच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणरावांना यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून काम मिळाले. माटुंग्याची इमारत नंतरची. तेव्हा संस्था भायखळ्याला होती. दिवसा मुलांना रेघा शिकवायच्या आणि मिळेल तो वेळ संस्थेच्या कर्मशाळेत घालवायचा, असा त्यांचा क्रम. ज्या यंत्राचे चित्र शिकवतो ते कसे चालते, कुठे झिजते, कुठे अडते, हे त्यांना हात काळे करून पाहायचे होते. कोणत्याही अभियांत्रिकी पदवीशिवाय हा माणूस यंत्रे शिकला तो असा.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा ती नवलाईची वस्तू. त्यांनी बेळगावला रामूअण्णांकडे सायकली पाठवायला सुरुवात केली. अण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव पुढे आले ते या सायकलच्या धंद्यातून, आणि १८८८ हे साल आजही त्या उद्योगाचे जन्मसाल म्हणून सांगितले जाते. पुढे संस्थेत वरची जागा निघाली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती दुसऱ्याला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. पगाराची नोकरी सोडणे म्हणजे काय, हे एका जुन्या बँकवाल्याने वेगळे सांगायला नको.

बेळगावात सायकलींच्या दुरुस्तीबरोबर छोटी कर्मशाळा उभी राहिली. आता काय घडवायचे, हा प्रश्न होता. आजूबाजूला सगळा शेतकऱ्यांचा मुलूख. लक्ष्मणरावांनी पाहिले की गोठ्यात कडब्याची अख्खी ताटे जनावरांपुढे टाकली जातात. जनावर शेंडा खाते, बुडखा तुडवते, निम्मी वैरण वाया जाते. म्हणून त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले. बुद्धीला पटणारी वस्तू होती, शेतकऱ्याला फायदा दिसत होता. त्यानंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, ते वळले लोखंडी नांगराकडे. आणि इथे त्यांची खरी परीक्षा सुरू झाली.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, रान नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. आपण शहाणे लोक या समजुतीला हसतो. मीही पूर्वी हसत असे. शेतीकर्जाच्या कामात गावोगाव फिरलो तेव्हा हसू कमी झाले. गावचा लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला असे. मोडला तर सुतार दाराशी, मजुरी सुगीला धान्यात. बाभळीचे खोड, लांब इसाड, हातात धरायला रुमणे, टोकाला तेवढा लोखंडी फाळ. आमच्याकडच्या जड काळ्या रानात तो ओढायला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत हे खरे, पण बैल, सुतार, नांगर ही सगळी सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची. हा लोखंडी नांगर एकदा मोडला तर कुठे न्यायचा? पेरणीच्या तोंडावर फाळ झिजला तर दुसरा कोण देणार? शेतकऱ्याचे वर्ष एका पावसावर उभे असते. त्याचा नकार अडाणी दिसला तरी त्याच्या पोटात असे प्रश्न होते.

लक्ष्मणरावांचे मोठेपण मला दिसते ते याच ठिकाणी. शेतकरी अडाणी आहे असा निकाल देऊन ते दुसऱ्या धंद्याला लागले नाहीत. अवजार इथल्या मातीला, इथल्या बैलांना आणि इथल्या माणसाच्या हाताला जमले पाहिजे, हे त्यांनी मनाशी धरले. परदेशी लोखंडी नांगर बाजारात होतेच. ते इथल्या मापाने करणे, मोडता येईल तो भाग बदलता येईल असा ठेवणे, आणि रानात नेऊन दाखवणे, हाच मार्ग होता. लोखंडी नांगराचे खरे काम त्याच्या फाळामागच्या पिळदार पात्यात असते. लाकडी नांगर माती चिरतो. हे पाते तिला उचलून उलटी पाडते, त्यामुळे खालची कुंद्याची गड्डी आणि हरळीची मुळे उन्हात वर येऊन वाळतात. आमच्या भागात हरळी माजलेले रान म्हणजे काय, हे आजही कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. शेजाऱ्याचे रान मोकळे झालेले डोळ्यांनी दिसले, तेव्हा विषाची समजूत हळूहळू मागे पडली. जाहिरातीचा उपयोग त्या मानाने थोडाच.

या पात्याचा पीळ कागदावर काढणे सोपे नसते. तो सपाट नाही, गोलही नाही. त्यावरून माती घसरत जाऊन कडेला पडली पाहिजे. पीळ जास्त झाला तर बैलांना ओढत नाही, कमी झाला तर माती उलटत नाही. कागदावरून मग सुतार लाकडाचा फर्मा करतो. त्यातही गंमत आहे. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, फुटामागे साधारण एक सूत. म्हणून फर्मा तेवढा मोठा करावा लागतो. तो ओल्या वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि वाळू न मोडता उचलायचा, म्हणून त्याच्या कडा किंचित निमुळत्या ठेवायच्या. मग भट्टीतला लाल रस साच्यात ओतायचा. रेघेपासून रानापर्यंत इतके हात लागतात: रेघ ओढणाऱ्याचा, सुताराचा, मोल्डरचा, भट्टीवाल्याचा. आज कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत हे फर्मे संगणकावर आखले जातात, पण लोखंड आकसायचे थांबलेले नाही.

धंदा जरा रुळावर येतो आहे तोच बेळगावात जागा सोडण्याची वेळ आली. नगरपालिकेला गावाची नवी वस्ती वाढवायची होती आणि कारखाना त्या जागेत येत होता. भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कुठे? लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीला आले होते. औंध संस्थानात एका सभागृहाच्या बांधकामानिमित्त त्यांचा संबंध आला होता. १९०९ साली गादीवर आलेले औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना संस्थानात बोलावले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली, वर कर्जही दिले. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. जागा कसली, निवडुंगाचे रान आणि साप. तो तोडत तोडत माणसांनी आधी पत्र्याच्या आडोशाला संसार मांडले आणि मग कारखाना उभा केला.

या कर्जाशी मी पुष्कळ वेळा थांबलो आहे. समजा, १९१० साली मी त्या संस्थानचा बँक अधिकारी असतो आणि हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी काय लिहिले असते? अर्जदार चित्रकलेचे शिक्षण अर्धवट सोडलेला. अभियांत्रिकी पदवी नाही. नोकरी सोडलेली. पूर्वीच्या जागेतून उठावे लागलेले. मालाला मागणी बेताची, ग्राहकांच्या मनात माल विषारी असल्याचा समज. नियोजित जागा नापीक, पाण्याची अडचण. तारण शून्य. मी तो कागद लाल शाईने परत केला असता, आणि माझ्या वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली असती. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चांगले चित्रकार होते. रेघ वाचता येणारा माणूस खुर्चीवर बसला होता, म्हणून ती माणसे तरली, असे मला आपले वाटते. माझ्यासमोर १९८९ साली फरशीवर रेघ होती. मला ती वाचता आली नाही.

वाडीची पुढची हकिगत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात परदेशी माल यायचा थांबला. कच्चे लोखंड आणि कोळसा मिळण्याची मारामार झाली, तरी देशी नांगराला मागणी वाढली. १९२० साली उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, मग इंजिने आणि मोठे पंप असा पसारा वाढत गेला. कृष्णेच्या दोन्ही काठांवर ऊस हिरवागार झाला त्यात या पंपांचा वाटा किती, हे आमच्या तालुक्यातल्या जुन्या विहिरींवर गंजलेल्या अवस्थेत उभ्या असलेल्या यंत्रांना विचारावे. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रशाळेत शिकून १९२६ साली परतले. बापाने मोडलेल्या यंत्रांतून शिकलेले, मुलाने पुस्तकांतून शिकलेले. दोन्ही शिक्षणे वाडीत एकत्र नांदली.

वाडी नुसता कारखाना नव्हती. आखीव रस्ते, कामगारांची घरे, शाळा, वाचनालय, बागा, स्वच्छतेचा काटेकोर आग्रह, हे सगळे त्यांनी नांगराइतक्याच कष्टाने आखले. अस्पृश्यता त्यांनी वाडीत चालू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली. माणूसही घडवता येतो, त्याला योग्य जागा मिळाली पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा असावी. १९२० साली पुतणे शंकरराव, म्हणजे आपले शंवाकि, यांनी इथूनच किर्लोस्कर खबर काढली. तिचे पुढे किर्लोस्कर मासिक झाले, १९३० साली स्त्री मासिक निघाले. आमच्या आईच्या पेटीत लग्नाच्या शालूखाली स्त्रीचे जुने अंक होते. नांगराच्या कारखान्यातून निघालेल्या मासिकाने आमच्या घरातल्या बायका वाचत्या झाल्या, हेही नांगरणेच म्हणायचे.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत वाडीही पोळली. निवडुंग तोडून उभे केलेले आपल्या डोळ्यांसमोर जळाल्याची बातमी एकोणऐंशीव्या वर्षी ऐकणे, हे कोणाच्या वाट्याला येऊ नये. वाडी पुन्हा उभी राहिली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात वारले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. कुंडल रोड हे स्टेशनचे नाव केव्हाच मागे पडले. पूर्वी तिथून मीटरगेजची गाडी जाई, आता रुंद रूळ आहेत, आणि पंपांचा कारखाना आजही तिथे चालतो आहे.

आता पुन्हा त्या खुरप्याकडे येतो. दुसऱ्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली. नातवाने पडद्यावरचे खुरपे प्रत्यक्षात आणले होते. पाते आजोबांच्याच भट्टीत, जुन्या कमानपाट्याचे. मूठ शिसवी लाकडाची, यंत्रावर तासलेली. हातात घेतल्यावर ठेवावेसे वाटेना. मी त्याला म्हटले, हे घेऊन भांगलणीच्या बायकांकडे जाऊ. तो जरा नाखूश दिसला. त्याच्या मते आकडे बरोबर होते.

आमच्या मळ्याशेजारी सोयाबीनमध्ये बायकांची टोळी बसली होती. त्यातल्या सर्वांत वडील मावशींच्या हाती त्याने खुरपे दिले. त्यांनी ते उलटेपालटे केले, अंगठा मुठीवर फिरवला, चार ओळी भांगलल्या आणि परत दिले. वस्तू देखणी आहे, पण बापयाच्या हाताची आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मूठ जाड. शिवाय बसून पुढे सरकताना मनगट जिथे वळते तिथे पाते आडवे येते, त्याने संध्याकाळपर्यंत मनगट धरेल. मुठीला केलेली गुळगुळीत पॉलिश घामाने निसटते. शेजारची एक तरुण बाई डावखुरी होती. तिने तर ते हातातच धरले नाही. तिने धार उलटी आहे एवढेच सांगितले. पोरगा खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने खिशातून टेप काढली आणि मावशींच्या तळहाताची रुंदी मोजली. मावशी लाजल्या. इतक्या वर्षांत बांगड्या भरणाऱ्या कासाराखेरीज त्यांच्या हाताचे माप कोणी घेतले नव्हते.

त्या संध्याकाळी तो पुन्हा आमच्याकडे आला. मूठ सहा मिलिमीटरने बारीक केली, पात्याचा कोन फिरवला, आणि एका कळीने अख्खे खुरपे आरशातल्यासारखे उलटे करून डावखुऱ्यांसाठी दुसरे केले. पंधरा मिनिटांचे काम. लक्ष्मणरावांना असा बदल करायचा तर नवी चित्रे, नवा फर्मा, नवा साचा, महिन्याचा खर्च. तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती सांगून थांबतो. संगणकाने रेघ ओढायचा वेळ वाचवला, फार चांगले झाले. पण मावशींच्या हाताचे माप पडद्यावर कुठेच नव्हते. ते आणायला बांधावर जावेच लागले. बेळगावच्या त्या माणसाला पहिल्या नांगरासाठी जी दोन वर्षे लागली, त्यांतली रेघ ओढायची वर्षे आता वाचतात. ऐकून घ्यायची वाचत नाहीत.

निघताना मी त्याला १९८९ ची गोष्ट सांगितली. फरशीवरचा विळा, पुसलेली फरशी, सगळे. मला वाटले होते तो रागावेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की आजोबांनी ही गोष्ट घरी कधी काढली नव्हती. आजोबा अजून आहेत, डोळ्यांनी कमी दिसते, पण विळा काढा म्हटले तर काढतील.

परवाच्या रविवारी आम्ही गेलो होतो. म्हाताऱ्याने मला ओळखले की नाही, सांगता येत नाही. साहेब, बसा, एवढे म्हणाले. नातवाने समोर पाटी-पेन्सिल ठेवली. म्हातारबाबांनी ती बाजूला सारली, भट्टीतला कोळसा उचलला आणि दाराच्या सारवलेल्या जमिनीवर विळा काढला. हात थरथरत होता, तरी पात्याचा बाक जिथे वळायचा तिथेच वळला. नातवाने मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. आता तो आकार लॅपटॉपमध्ये चढला आहे, अर्ज बँकेत गेला आहे. रेखाचित्राच्या रकान्यात या वेळी दोन कागद जोडले आहेत, एक यंत्राने छापलेला आणि दुसरा त्या जमिनीवरच्या कोळशाच्या रेघेचा. कर्ज मिळते की नाही ते कळायचे आहे. तिथे खुर्चीवर कोण बसले आहे, त्यावर ते आहे.